तिसऱ्यांदा विचारलं नाही

२ नोव्हेंबर, रविवार

तीन मजले चढून आले आणि दारातच बसले. पाय सुजलेत. या इमारतीला लिफ्ट लागेल, पण बहुतेक माझ्या तेराव्याला!

आज वडप्याला जेवायला गेलो होतो, सुनेच्या, रुचिकाच्या माहेरी. माझ्या वरदच्या लग्नाला सहा महिने झाले, तरी त्यांच्याकडे पानावर बसायची माझी ही पहिलीच वेळ. तिची आजी गोदूबाई वाढत होत्या. माझ्यासाठी मुद्दाम भरीत आणि तांदळाची भाकरी. काय चव होती! एक भाकरी संपली तशी विचारलं, "आनखी वाढू?" मी सवयीने म्हणाले, "नको नको, पुरे." टोपलीवर फडकं पडलं. झालं जेवण!

आमच्यात पहिलं 'नको' शिष्टाचाराचं. दुसरं म्हणजे अर्धी चालेल. तिसरं खरं. तिसरं 'नको' येईपर्यंत वाढणाऱ्याने विचारणं सोडायचंच नसतं. सांगणार कोणाला? वरद तिकडे सासऱ्यांच्या शेजारी बसून कोलंबी चापत होता. घरी येऊन दहीभात खाल्ला.

५ नोव्हेंबर

मंडईत गेले नाही. गुडघा.

६ नोव्हेंबर

रुचिका म्हणाली, "आई, कणीक मळून देऊ?" म्हटलं, "राहू दे ग, करते मी." तिने राहू दिलं! गेली आपली लॅपटॉप घेऊन.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. गोदामात डिस्पॅच बघते. दिवसभर फोनवर एकच — "गाडी निघाली का? हो की नाय तेवढं बोल." अशा मुलीने माझ्या बोलण्याची घडी उलगडत बसायची कधी?

पण पोर गुणाची आहे. गणपतीत मला ताप आला होता, तेव्हा 'बसू का' असं विचारलंसुद्धा नाही. ड्युटीला दांडी मारून उशाशी बसली. वरद दारातून विचारून गेला.

९ नोव्हेंबर, रविवार

दोघं कशेळीला घर बघून आली. त्याला नोकरीला ठाणे जवळ, तिला गोदाम जवळ. दोन जागा पसंत पडल्यात. एक लहान, एका खोलीची. दुसरी दोन खोल्यांची. रुचिकाने जेवायच्या टेबलावर कागद पसरला आणि बोट ठेवलं. "आई, ही तुमची खोली. खिडकीतून खाडी दिसते. लिफ्ट आहे. येणार ना?"

माझी खोली! खरंच! हे गेल्यापासून 'तुमची खोली' असं कोणी म्हणालं नव्हतं.

आणि मी काय बोलले? "मला कशाला ग? तुम्ही दोघं सुखात राहा. मी इथे बरी."

वरदने मोबाइलमधून मान वर केली नाही. रुचिका माझ्याकडे बघत राहिली. "नक्की?"

"अग, नक्की."

मी वाट बघितली. तिने कागदाची घडी घातली. "बरं आई."

एवढंच म्हणायचं होतं तिने, की तुमच्याशिवाय कसलं घर. मी लगेच गाठोडं बांधलं असतं. आपणहून 'हो, येते' म्हणायचं म्हणजे पोरांच्या गळ्यात पडल्यासारखं. आमच्या आईने कधी असं केलं नाही, तिच्या आईनेही नाही. मान राहावा म्हणून 'नको' म्हणायचं, आणि समोरच्याने तो नकार मोडून काढायचा. हीच रीत. पण एकटीनेच पाळली तर रीत कसली!

१० नोव्हेंबर

झोप नाही. रुचिकाचा राग येतो. मग स्वतःचा येतो. चहा दोनदा उतू गेला.

१३ नोव्हेंबर

लहान जागाच घ्यायची ठरली. रविवारी बुकिंग. वरदने जेवताना सांगितलं, दुधाचं सांगावं तसं. म्हणाला, "तुला इथेच बरं वाटतं ना, मग मोठी घेऊन काय करायची?" मी म्हटलं, "हो ना." आमटी छान झाली होती, असं तोच म्हणाला.

आता इथे मी एकटी, हे तीन मजले आणि हा गुडघा. कंटाळा आलाय सगळ्याचा.

१४ नोव्हेंबर

खालच्या कापड कारखान्यातले लूम अचानक गप्प झाले, म्हणजे लाइट गेली. तेवढ्यात दारात दाजी, रुचिकाचे वडील. खांद्यावर नव्या तांदळाची गोणी. घाम पुसत म्हणाले, "ईनबाई, हे माळं तुमी रोज चढता?"

पाणी दिलं. बसले. मग एकदम — "पोर सांगते, तुमी कशेलीला येत न्हाय. का?"

म्हटलं, "अहो, जुनं घर. ओळखीची माणसं."

"तुमाला यायचं हाय का न्हाय?"

असं कोणी विचारतं का! मी पदराशी चाळा करत बसले. म्हटलं, "मुलांना सोयीचं ते माझ्या सोयीचं."

दाजी हसले. "हे उत्तर न्हाय झालं. आमच्यात मानूस न्हाय बोलला की परत विचारत न्हाय. परत विचारलं तर त्याच्या शब्दाची किंमत काय राहिली? पोरीला मीच शिकवलंय. ती तुमचा शब्द राखते, ईनबाई. तुमी शब्दच दुसरा द्या ना!"

ते गेले. मला वाटत होतं, हिला माझी पर्वा नाही. ती मला मान देत होती! तिच्या पद्धतीने.

चहालाही मी आग्रह केला नाही. एकदा विचारलं, नको म्हणाले, आणि खरंच नको होता त्यांना.

१५ नोव्हेंबर

उद्या बुकिंग. आज सांगायचंच. रुचिका शनिवारी लवकर येते. वाक्य तयार केलंय — मला तुमच्याबरोबर यायचंय. किती छोटं आहे! देवासमोर दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा शेवटी 'जमलं तर' जोडलंच.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सांगितलं. एका दमात.

रुचिका चपला काढता काढता थांबली. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "आई, मला त्या दिवशीच शंका आली होती. रात्री मी वरदला विचारलं — तुमच्या घरात नको म्हणजे नकोच असतं का? मी परत विचारू का आईंना? तो म्हणाला, अजिबात विचारू नकोस. तिचं नको म्हणजे नकोच. मी ओळखतो तिला."

कुकर लावलेला नाही. वरद यायचाय. मोठ्या जागेचा कागद टेबलावर पसरून आम्ही दोघी त्याची वाट बघतोय.