हळदीआधी दळलेली मिरची

अहो,

मी डोंगरकड्याला निघाले आहे. मिराबाईंच्या मुलीला आज हळद लागणार आहे आणि ती हळद मी काल आपल्या गिरणीत दळून दिली. रविवारी यंत्र धुवायचं, सोमवारी हळद, मिरची शनिवारीच, असा आठवडा मी उगाच आखत नाही. धुतलेल्या यंत्रात हळदीआधी तुम्ही तुमच्या मित्राची, इनायतभाईंची मिरची दळलीत आणि मला सांगितलं नाहीत. आज इनायतभाईच बोलून गेले, "प्रेमदास म्हणला, घरचीच गिरणी हाय, टाक." फोनवर विचारलं तर तुम्ही हसलात, "काहून तापून राहिली? मूठभर मिरचीनं काय होतं?"

नवरीचं तोंड भाजतं. लग्नघरी कोणी फोन उचलत नाही; ती हळद लागायच्या आत मला पोचायचं आहे.

गिरणीची किल्ली सोबत नेते आहे. कोणी दळण घेऊन आलं, तर मालकीण बाहेर गेली आहे असं सांगा. मालकीणच म्हणा.

निलम