कावेरीच्या वाळूतलं गोल्फ

अप्पा, घरापासून चालत जाता येईल आणि मला परवडेल असं गोल्फचं मैदान मी महिनाभर शोधते आहे. काल एक सापडलं, पण फाटकावरच्या माणसाने सांगितलं, आत फक्त सभासदांना सोडतात. माझे पांढरे केस पाहून त्याने बसायला खुर्ची दिली. घरी लवकर परतायचं काही कारण नव्हतं, म्हणून बराच वेळ बसले.

स्वातंत्र्यानंतर निलगिरीतल्या चहामळ्याचा साहेब विलायतेला गेला आणि त्याच्या कचेरीतली तुमची नोकरी संपली. निघताना त्याने तुम्हाला गोल्फची एक जुनी काठी आणि चार चेंडू दिले. आपण कावेरीकाठी, मेलकावेरीच्या घरी परतलो, आणि तुम्ही जागा शोधायला लागलात. सायकलवरून पार आडुतुरैपर्यंत जाऊन आलात. जिकडेतिकडे भात आणि पाणी. दूरच्या एका क्लबात वर्गणीचा आकडा ऐकून परतलात. मग चैत्रात कावेरी आटली. एका संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात शिरून कॉफीचे रिकामे डबे गोळा केलेत. आई म्हणाली, "माझे डबे कोठे नेता?" तुम्ही म्हणालात, "नदीत पुरायला."

नऊ डबे, त्यांच्याशेजारी नऊ काटक्या, आणि काटक्यांना तिरुभुवनमच्या विणकराकडून मागून आणलेल्या रेशमी चिंध्या. मी अकरा वर्षांची, परकराच्या ओच्यात चेंडू घेऊन तुमच्यामागून चालते आहे. वाळू अजून गरम आहे. चेंडू रुतला की मी तो हळूच पायाने वर काढते, आणि तुम्ही मागे न वळता म्हणता, "ठेव तेथेच. पडला तेथूनच मारायचा." डोंगर सोडल्यापासून मी तुम्हाला एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

एके दिवशी वाळूत खणलेल्या झऱ्यावर माझ्या वर्गातल्या दोन मुली कपडे धूत होत्या. तुम्ही काठी फिरवलीत, नुसती वाळू उडाली, आणि त्या हसल्या. एकीने तमिळमध्ये विचारलं, "ते तुझे अप्पा का?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या घरी भाड्याने राहतात."

तुम्ही वीसेक पावलांवर वाकून चेंडू शोधत होतात. दुसऱ्या दिवशी काठी घेताना म्हणालात, "तू अभ्यास कर ग. मी जाऊन येतो." नदीला पाणी येईपर्यंत तुम्ही रोज एकटेच गेलात. पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा तुम्ही नव्हतात. थंडीतल्या तापाने चार दिवसांत नेलं तुम्हाला.

आई शेवटपर्यंत सांगायची, मुलीला ऊन लागू नये म्हणून ते एकटे जायचे. मी मान डोलवायचे. तुम्ही माझं बोलणं ऐकलंत की नाही, मला कधीच कळलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घडी घालून कपाटात ठेवीन, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुम्ही एकटे निघालात, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.