भातगिरणीचा वर्षाचा हिशोब

लवळे, १२ एप्रिल २००६

आये,

परवा कोळवणात देवळात बचत गटाची वर्षाची सभा भरली, तेव्हा मी खांबाआड उभा होतो. हल्ली मी लवळ्यात कॉलेजच्या कॅन्टीनला कप धुतो. मालक उरलेली मिसळ देतो, तिखट असते लई, पण ते राहू दे.

गटाच्या भातगिरणीचा हिशोब तू सांगत होतीस. वीजबिल, नवा पट्टा, सगळं जाऊन नफा नऊ हजार. बायका खूश. मग तू म्हणालीस, "गल्ल्यातले सातशे माझ्या पोरानं नेले. ते माझ्या वाट्यातनं कापा."

गौतमीकाकी म्हणाली, "अगं अध्यक्षबाई, घरातलं हितं कशाला? टाक की किरकोळ खर्चात."

"गिरणी तुझी बी हाय. तुला कळाय नको व्हय?"

दुकानात भाव विचारायला लाजणारी तू, तीस बायकांसमोर हे बोललीस! एवढी मोठी तू मला कधी दिसलीच नव्हतीस.

कप धुऊन साठवलेले सातशे माझ्या खिशात होते. गुपचूप गल्ल्यात टाकून पळणार होतो. पण तू सगळ्यांसमोर सांगितलेलं मी चोरून कसं फेडू?

म्हणून हे पत्र टाकत नाही. उद्या गिरणीवर सगळ्याजणी असताना मीच येतो.

तुझा,
सुदाम