बोअरचं पहिलं पाणी

नौशीन बेटा,

हे पत्र टाकायचं नाय, म्हणूनच मोकळं लिहितोय.

तू जहाजावर निघालीस त्या दिवशी मी मुद्दाम गंगापूरला बोअर मारायला गेलो. पोरीनं समुद्रात राहायचं आन् तळावरचे धातूचे गोटे मशीननं वर ओढायचे, हे मला पटलं नव्हतं. अजूनबी पटत नाय. दुआ न देता गाडी काढली मी.

काल अम्मी म्हणाली, तुझं मशीन पाच किलोमीटर पाण्याखाली उतरलं. आमी जन्मभर पाण्यासाठी दगड फोडतोय, आन् आमची लेक दगडासाठी एवढं पाणी ओलांडून खाली जाते. हसू आलं. मग रात्री झोप नाय लागली.

लहानपणी बोअरचं पहिलं पाणी तूच चाखायचीस. "अब्बा, गोड हाय!" म्हणून अख्ख्या शिवारात ओरडायचीस.

आज करमाडला बद्रीनाथरावांच्या शेतात पाणी लागलं. लई खारट. त्यांनी तोंडात घेतलं आन् थुंकून टाकलं. "नूरमोहम्मद, काय कामाचं हे?" म्हणाले.

तू हायेस तिथं चहूकडं असंच पाणी असंल ना?

मी गिलास भरून घेतला आन् सगळा प्यालो.

दुआ.
अब्बा