बगळ्याची मान

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुझ्या अंगणातल्या भंगाराच्या प्राण्यांची चित्रं सोबत पाठवतेय. आठवडाभर रंगपेटी घेऊन त्यांच्यापुढे बसले, तरी मन भरलं नाही. फावड्याच्या कानांचं ते गाढव काय अस्सल उतरलंय! आणि तो बगळा! सायलेन्सरच्या नळीची मान, कात्रीची चोच, खाली सळयांचे काटकुळे पाय. गंजाला इतके रंग असतात हे मला या वयात तुझ्यामुळे कळलं. लहानपणी माझी सायकल खोलून ठेवलीस म्हणून घातलेले धपाटे परत घेते.

एकच गोष्ट जिवाला लागून राहिलीय. आजारपणानंतर वर्कशॉप बंद केलंस ते केलंस, पण वर्षभरात वेल्डिंगच्या मशिनला हातही लावला नाहीस. तुझी बायको सांगत होती, दिवसभर पायरीवर बसून असतात, विचारलं तर म्हणतात, आता हात पूर्वीसारखा चालत नाही. अरे, असा हात ज्याला मिळाला त्याने तो मांडीवर ठेवून बसायचं का? मला बघवत नाही.

लोभाला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चित्रं मिळाली. हिने लगेच भिंतीवर लावली. आता घरात मला कोणी विचारत नाही, येणारा-जाणारा तुझं गाढव बघतो. नुसत्या पाण्यातल्या रंगाने लोखंडाचं वजन कसं दाखवलंस, देव जाणे.

बगळ्याच्या चित्रापुढे मात्र मी रोज उभा राहायचो. तुझ्या चित्रात त्याची मान मागे वळलीय, कोणी हाक मारल्यासारखी. माझ्या बगळ्याची आपली सरळसोट. ताई चुकीचं काढणार नाही, म्हणजे चूक माझीच. शेवटी राहवेना. परवा मशीन बाहेर काढलं, मान कापली आणि तुझ्यासारखी वळवून पुन्हा जोडली. जोड ओबडधोबड झालाय, पण बसलाय पक्का. ही दारात उभी राहून रडत होती आणि वर चहा गार होतोय म्हणून मलाच ओरडत होती. सोबत फोटो आहे.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग डोळे पुसले. अरे वेड्या, मान माझीच चुकली होती! कागद ओला असतानाच रंग भरायची घाई केली, तो ओघळला, म्हणून मान वळवून वेळ मारून नेली. आणि तू त्यापायी चांगला बगळा कापलास! पण फोटो बघतेय तर तो आता जिवंत वाटतो. त्याला पुन्हा सरळ करशील तर खबरदार.

नवं चित्र पाठवतेय. तुझ्या बगळ्याचे पंख मिटलेले आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. यात ते पसरलेले आहेत. या खेपेला कागद पुरता वाळू दिला होता. रंग कुठेही ओघळलेला नाही.

लोभ माझ्याकडे भरपूर आहे, तू पत्रा कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई