मोटरीपुढचा रेझिस्टन्स

अण्णा, काल जावयानं घरीच जोडलेलं लाकूड कोरायचं यंत्र पाहिलं. त्यातल्या मोटरी आपल्या मोटरीच्याच जातीच्या, एका हुकमाला एकच पाऊल टाकणाऱ्या. मी विचारलं, "यांच्यापुढचे, करंट अडवणारे रेझिस्टन्स कुठायत?" तर म्हणाला, "आई, आता करंट आतली चिपच सांभाळते." मला उगाच राग आला. एवढा धूर खाऊन शिकलेली गोष्ट, आणि यांना तिची गरजच नाही! हे कुणाला सांगणार? म्हणून जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमध्ये बसून तुम्हालाच लिहितेय.

तुम्ही चादरींच्या कारखान्यात जेकार्डचे पुठ्ठे पाडायचात. नक्षीतलं फूल आधी पुठ्ठ्यावर भोकांनी उतरायचं, मग मागावर. त्या वर्षी तुमच्या डोळ्यांपुढे धुकं येऊ लागलं होतं आणि ते आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. जुन्या नक्ष्या तुम्हाला तोंडपाठ, बोटं आपोआप चालायची. अडायचं ते पुठ्ठा एक ओळ पुढं सरकवताना. ओळ चुकली की मोराची मान तुटायची, आणि मालकांना कारण कळलं असतं तर तुमची जागा गेली असती. तंत्रनिकेतनातून नुकतीच बाहेर पडलेली मी, कुठंच नोकरी मिळत नव्हती, म्हणून भंगारातली मोटर आणून पुठ्ठा सरकवायचं यंत्र जुळवायला बसले.

कमी व्होल्टेजवर मोटर सुस्त. तुमच्या बोटांचा वेग तिला झेपेना, मधली पावलंच गाळायची. म्हणून व्होल्टेज वाढवलं आणि करंट बेतात राहावा म्हणून रेझिस्टन्स पुढं लावले. किती ओहमचे, ते नीट मांडून काढलं. ते किती तापतील आणि तेवढी उष्णता सोसतील का, हे मात्र पाहिलंच नाही. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेले आहात, मी बटण दाबते, आणि शेंगदाण्याएवढे ते रेझिस्टन्स बघता बघता काळे पडतात. आई नाकाला पदर लावून बाहेर पळते.

"गणित बरुबर हाय म्हंतीस, मग धूर कशाचा गं?"

"अण्णा, तुमाला न्हाय कळायचं त्यातलं."

"मला न्हाय कळलं तर न्हाय. तुला तर कळाया पायजे की!"

फार लागलं होतं ते. दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बोटाएवढे जाड, चिनीमातीचे आणले. चटका बसेल इतके तापायचे, पण टिकले. मोटर टकटक करत एकही ओळ न गाळता चालली. तुम्ही पुठ्ठ्यावरून बोट फिरवलंत आणि हसलात.

काम लवकर होईल असं मालकांना सांगून यंत्र कारखान्यात नेलं, ते लावून द्यायला मीही आले. मोर झरझर उतरला, मालक खूश झाले. मग त्यांनी कपाटातून एक नवीकोरी नक्षी काढली, चौकटीच्या कागदावर रंगवलेली. "मास्तर, आता ही पाडून दाखवा की." मी कागदाला हात घालणार, तोवर तुम्ही बोलून मोकळे.

"मालक, मला दिसत न्हाय. वरीस झालं. हिला दिसतंय, आन मशिन बी हिनंच केलंय. हिला बसवा."

"बाईमाणूस? हितं?"

"काम बगा की तिचं, मग बोला."

मालकांनी कागद माझ्याकडे सरकवला.

घरी येताना मी काय भडकले होते! झाकायसाठीच तर सगळी खटपट केली, आणि तुम्हीच सांगून टाकलंत. तुम्ही माझा दंड धरून चालत होतात. "आता झाकायचं तरी न्हाय," एवढंच म्हणालात. तुमची सुटका झाली, की माझ्यासाठी ते केलंत, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायलाही जागा नाही. म्हणूनच बहुधा लिहिता येतंय.

सोमवारी मी कामावर निघाले तेव्हा तुम्ही दाराशी बसला होतात. आई रडली, मीही सगळ्यांदेखत डोळे पुसले. पण अण्णा, खरं सांगते, तुमच्या जागेवर बसून पहिला पुठ्ठा लावला, आणि मला इतका आनंद झाला की दुपारी डबा उघडेपर्यंत तुमची आठवणसुद्धा आली नाही.