करकोचा दिसेपर्यंत

१ मार्च
आमच्या संचालकांनी, कालचेव साहेबांनी, घात केला! सकाळी सकाळी नाट्यगृहाच्या वेबसाइटवर मार्तेनित्सा टांगल्या — मार्चमध्ये शुभ म्हणून मनगटावर बांधतात ते लाल-पांढरे गोंडे. मथळ्याला, बटणांना, जागा मिळेल तिथे. दरवर्षीचा त्यांचा शौक. दिसतं छान. पण बाबांनी फोन कानाला लावला आणि पान वाचून दाखवणारी त्यातली बाई सुरू झाली — चित्र, मार्तेनित्सा, चित्र, मार्तेनित्सा... तिकिटापर्यंत पोचेचना!

"तुमच्याकडे आता गोंडेच नाटक करतात का गं?" बाबा म्हणाले.

वेबसाइट मीच सांभाळते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ मार्च
एप्रिलमध्ये कोल्ह्याचं जुनं नाटक पुन्हा लागतंय. बाबांनी त्यात वर्षानुवर्षं अकॉर्डियन वाजवलं. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हापासून नाट्यगृहाची पायरी चढले नाहीत. या वेळी मात्र जायचंय! म्हटलं, तिकीट मी आणते. भडकलेच. "माझं तिकीट मी काढणार. नाही जमलं तर नाही जाणार. विषय संपला."

हट्टी म्हातारा! पण चुकलं काय त्यांचं?

४ मार्च
साहेबांना म्हटलं, गोंडे काढते. "करकोचा दिसायच्या आधी? अगं, वर्षभराचं नशीब घालवशील!" करकोचा दिसला की मार्तेनित्सा झाडाला बांधायची, त्याआधी काढायची नाही — मला काय माहीत नाही? म्हटलं, पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी तिकीट कसं काढायचं? "फोन करावा की! मी स्वतः उचलतो."

हे आणि फोन उचलणार!

५ मार्च
सुचलं! गोंडे राहू देत. त्यांच्यावर आतून 'फक्त शोभेची चित्रं' अशी खूण करून ठेवली — बाई त्यांना वगळून सरळ पुढे जाते. साहेबांना दिसतात, बाबांना ऐकू येत नाहीत. नशीबही शाबूत.

९ मार्च
आता खुर्च्यांच्या नकाशावर गाडी अडली. हिरवी म्हणजे मोकळी, लाल म्हणजे गेलेली. बाई नुसती — बटण, बटण, बटण. मी चिडले, बाबा हसले. "पूर्वी खिडकीवर सांगायचे ना, दुसरी रांग, मधली खुर्ची, मोकळी आहे. तसं बोलायला लाव की हिला!"

तळमजल्यावरच्या माग्दाकाकू चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आल्या होत्या. बाबांनी चक्क दोन तुकडे खाल्ले. मी केलेली कधी खात नाहीत!

त्या गेल्यावर बाबा मनगटावरची मार्तेनित्सा चाचपत बसले. "मला कुठला दिसायचा करकोचा! ही आता मरेपर्यंत हातातच."

१४ मार्च
झालं एकदाचं! प्रत्येक खुर्ची आता स्वतःचं नाव सांगते — रांग, क्रमांक, मोकळी की गेलेली. साहेब कुरकुरले, "एवढा खटाटोप कुणासाठी?" म्हटलं, डोळे मिटा आणि तिकीट काढून दाखवा. जुन्या पानावर घाम फुटला. नव्यावर निघालं! स्वतःच्याच नाट्यगृहाचं तिकीट काढून लहान मुलासारखे नाचले.

"बाकीची पानंपण कर," म्हणाले. आपणहून!

१९ मार्च
बाबांनी मला खोलीबाहेर घालवलं. "तू श्वास रोखून बसतेस ना, तेसुद्धा ऐकू येतं. जा." आतून बाईची बडबड, मधूनमधून बाबांच्या शिव्या. मग सगळं शांत.

२३ मार्च
बाबा गुळगुळीत दाढी करून नाश्त्याला. "काढली तिकिटं. दोन."

दोन! म्हटलं, मग मी निळा ड्रेस घालते.

"तू? दुसरं माग्दाचं आहे."

तेव्हा लक्ष गेलं — मनगट मोकळं! मार्तेनित्सा?

"काल नदीकाठी बांधली झाडाला. माग्दाला करकोचा दिसला."

म्हणून माझ्या हातचं तिकीट नको होतं!

"तुझं तू काढ, पोरी," म्हणाले. "सोपं आहे आता."